डाग कोणाचा आणि कुठल्या रक्ताचा

लेस्टर, इंग्लंड

ती. आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आल्यामुळे मुंबईच्या खेपा टळल्या, हे वाचून बरे वाटले. डीएनए जुळल्याचा सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट दाखल झाला की उलटतपासणीत विचारण्यासारखे काही उरत नाही, असे आपण लिहिले आहे. मला मात्र वाटते की खरे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

१९८४ साली अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनए फिंगरप्रिंटिंगची पद्धत सापडली ती याच गावी, तेव्हा मी डीएनएला कमी लेखणार नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून डीएनएवरची माणसागणिक बदलणारी १६ ठिकाणे आणि लिंग सांगणारे एक, अशी १७ ठिकाणे तपासतात, आणि पूर्ण नमुना जुळला तर डीएनए कोणाचा याविषयी फारशी शंका राहत नाही. परंतु तो रक्तातून आला की त्याच जागी पडलेल्या लाळेतून, हे त्यावरून कळत नाही. (डागाला लाल रंग देणाऱ्या परिपक्व तांबड्या पेशींत केंद्रकच नसते, रक्तातला डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून.) रक्त ओळखण्याच्या फिनॉल्फ्थॅलिन चाचणीत येणारा गुलाबी रंगही संशयापुरताच, कारण जत्रेत कापलेल्या बोकडाच्या रक्तालाही तोच रंग येईल.

येथे आरएनए मार्कर, म्हणजे डाग कोणत्या द्रवाचा हे ओळखवणाऱ्या आरएनएच्या खुणा, उपयोगी पडतात. पेशी आपल्या कामापुरतीच जनुके चालू ठेवते आणि त्यांचाच संदेशवाहक आरएनए तयार होतो. म्हणून रक्तात एचबीबी आणि एएलएएस२, लाळेत एचटीएन३, तर पाळीच्या रक्तात गर्भाशयाचे अस्तर गळताना तयार होणारे एमएमपी७, एमएमपी१० आणि एमएमपी११ हे मार्कर शोधतात. अत्याचाराच्या खटल्यात चादरीवरचे रक्त जखमेचे की पाळीचे, यावर अनेकदा सारा बचाव उभा असतो आणि डीएनए तेथे मुका राहतो. तरीही सावध राहावे लागते: एमएमपी सापडले म्हणून जखम नव्हतीच असे ठरत नाही, कारण एकाच डागात दोन्ही असू शकतात; आणि पाळीच्या दिवसागणिक या मार्करांचे प्रमाण बदलत असल्याने ते न सापडल्यावरूनही निष्कर्ष काढता येत नाही.

याहून मोठी अडचण मिसळलेल्या डागाची आहे. डीएनए सांगतो की माणसे दोन आहेत, आरएनए सांगतो की रक्त आणि लाळ दोन्ही आहेत. पण रक्त कोणाचे आणि लाळ कोणाची, ही जोडी बहुधा दोन्ही चाचण्या मिळूनही लागत नाही. अहवालात ती जोडी गृहीत धरलेली असेल, तर मी साक्षीदाराला तेथेच थांबवीन.

आरएनए नाजूक असला तरी कोरड्या डागात तो वर्षानुवर्षे टिकू शकतो. त्याचा खरा शत्रू ओल. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद केला, तर बुरशी आणि जिवाणू पुरावा खाऊन टाकतात. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायला हवा. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आली आहे, तिचा मला सर्वांत मोठा उपयोग येथेच दिसतो.

आपल्या हातातील अपिलात पंचनाम्यामध्ये मुद्देमाल कशात बांधल्याचे लिहिले आहे आणि रिपोर्टात ‘मानवी रक्त’ हा शेरा कोणत्या चाचणीवरून दिला आहे, एवढे पाहून कळवावे. आईस नमस्कार.

आपली,
सुमन