मुक्ताला, परत घरी जायच्या आधी

प्रिय मुक्ता,

रविवारी मी फोनवर जास्त बोललो आणि तू "बाबा, ठेवते आता" म्हणून ठेवून दिलास. फोनवर माझा आवाज चढतो, लिहिताना चढत नाही, म्हणून लिहितोय. वाद परत उकरायचा नाहीये. मार्चमध्ये तुम्ही कॅलिफोर्नियातल्या, आगीतून वाचलेल्या अल्टाडेनाच्या घरात परत राहायला जाताय हे तुमचं ठरलंय, घर तुमचं आहे, पॅसाडेनाचं भाडं आणि घराचा हप्ता दोन्ही वर्षभर ओढताय, ते किती दिवस ओढणार, हे मला कळतं. त्यावर मी काही बोलणार नाही. फक्त इराची रक्ताची टेस्ट राहायला जायच्या आधी एकदा आणि गेल्यावर तीनेक महिन्यांनी एकदा करा, शिशाची. एवढंच, बाकी पत्रात दुसरंच लिहितो.

आई बरी आहे, गुडघा दुखतो पण ऐकत नाही, सोमेश्वरला चालत जायचं म्हणते. दादाने वरच्या मजल्याचं गळणं एकदाचं थांबवलं. दुकानात लग्नसराईची गर्दी सुरू झालीये, आता तांब्याच्या बाटल्यांनाच जास्त मागणी, घंगाळ कोणी विचारत नाही. इकडे नाशिकला कुंभमेळ्याची कामं सुरू आहेत, सगळीकडे रस्ते खोदलेत, धुळीनं जीव नकोसा होतो. आणि धूळ म्हटलं की माझं डोकं परत तुमच्या खिडकीच्या कट्ट्यावर जातं. घराच्या धुळीच्या रिपोर्टमध्ये शिसं तिथंच सापडलं ना सगळ्यात जास्त? खिडकीची उंची इराच्या हाताला येते का ते मला सांग.

तुला मी कधी सांगितलं नाही, पण आग लागली त्या दिवशी मला आधी काहीच वाटलं नव्हतं. तुमची 7 जानेवारी 2025 ची संध्याकाळ म्हणजे आमची 8 ची सकाळ, बुधवार होता, गंगेवर, आपल्या गोदावरीच्या काठी, बाजार भरत होता आणि मी दुकानाचं कुलूप काढत होतो. दादाचा फोन आला की मुक्ताच्या मागच्या डोंगराला आग लागलीये. मी म्हणलं, लागते. आपल्याकडे उन्हाळा तोंडावर आला की ब्रह्मगिरी, अंजनेरी, चामर लेणी, कुठून ना कुठून धूर दिसतोच, कोणीतरी म्हणतं गवत पेटवलं की नवीन चांगलं येतं, कोणी विडी टाकतं, मग फॉरेस्टवाले आणि पोरं ओल्या फांद्या घेऊन झोडपत बसतात, डोंगर काळा होतो आणि जूनमध्ये परत हिरवा. फाशीच्या डोंगरावर 2015 ला लोकांनी देवराई लावली तेव्हा तू पण आली होतीस, आठवतं का, आणि तिथं उन्हाळ्याच्या आधी आग अडवायला जाळरेषा काढाव्या लागतात म्हणून कुरकुर करत होतीस. वणवा म्हणजे माझ्या डोक्यात तेवढंच होतं. तो डोंगर उतरून गल्लीत येतो, घरं धरत जातो, हे माझ्या कल्पनेतच नव्हतं.

मग दादाने समजावून सांगितलं. वाळवंटाकडून समुद्राकडे येणारं ते सांता आनाचं कोरडं वारं, डोंगरावर त्याचे झोत ताशी 150 किलोमीटरच्या वर, त्यामुळं पाणी टाकणारी विमानं सुद्धा रात्री उडू शकली नाहीत. आधीचे दोन हिवाळे चांगला पाऊस, त्यानं गवत-झुडपं माजलेली, आणि मग कित्येक महिने जवळजवळ थेंब नाही, म्हणजे सगळं वाळून तयारच. आग एका ठिकाणाहून दुसरीकडे चालत गेलीच नाही, ठिणग्या उडून पुढं पडत गेल्या, एका घराच्या छपरावरनं दुसऱ्या घराच्या पोटमाळ्यात. म्हणून एकाच रांगेत चार घरं राख आणि पाचवं उभं. ते पाचवं तुमचं. मी देवापुढे बसलो होतो तेव्हा मागण्यात फक्त तुम्ही तिघं होता, घर नव्हतं, हे पण लिहून ठेवतो.

तुमच्या बाजूला, लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेला, घर सोडायचा आदेश तुमच्या पहाटे तीननंतर आला असं नंतर वाचलं, तेव्हा माझे हात गार पडले. आमच्या इथं संध्याकाळचे पाच वाजत आले होते. शेजारच्या आजींनी रात्रीच दार वाजवलं, "मुलीला घेऊन निघा" म्हणाल्या, म्हणून तुम्ही निघालात. जी 19 माणसं गेली ती जवळजवळ सगळी त्याच पश्चिमेच्या बाजूची, बहुतेक म्हातारी, काही धड चालू न शकणारी. आजींचं घर गेलं, त्यांच्या वडिलांनी घेतलेलं. तू सांगितलं होतंस की काळ्या लोकांना त्या काळात दुसरीकडे घरं विकत मिळत नव्हती, बँका कर्ज देत नव्हत्या, अल्टाडेनाच्या त्या बाजूला मिळाली म्हणून त्यांनी पै पै जोडून तिथं केली आणि पुढच्या पिढ्यांना दिली. असलं घर जळणं म्हणजे काय जळणं, ते मला कोणी वेगळं सांगायला नको. त्या आजींना माझा नमस्कार सांग, दर वेळी सांग, त्यांना कंटाळा आला तरी सांग.

आणि तुम्ही लोकांनी जे केलंय त्याचं मला फार कौतुक आहे, फोनवर ते बोलायचं राहून जातं. 9,400 च्या वर बांधकामं गेली तरी अंगणात "अल्टाडेना विकायचं नाही" अशा पाट्या लावल्यात, कोणी राखेतून चाळून आज्ज्यांच्या अंगठ्या काढून दिल्या, आणि ज्यांची घरं उभी राहिली त्यांनी आपापल्या पैशानं टेस्ट करून, रिपोर्ट एकत्र करून सगळ्यांना दिसेल असा नकाशा केला. त्या कामात तू रात्री जागून आकडे भरत होतीस. दुकानात येणाऱ्या माणसाला मी सांगतो, माझी मुलगी हे करते. भांडी बाजारात अर्ध्या लोकांना मातीत शिसं किती पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, चालतं ते पाठ झालंय तुझ्यामुळं, कॅलिफोर्नियात घराच्या मातीला 80. आणि सरकारी गाड्यांनी जळालेल्या प्लॉटवरची राख आणि सहा इंच माती खरवडून नेली पण खाली काय उरलं ते तपासलं नाही, हे ऐकून आपले सोनारकाका पण चिडले.

बघ, परत तिथंच आलो. ठरवलं होतं नाही यायचं.

मुक्ता, 2008 चा पूर तुला आठवत असेल, शाळेत होतीस. गंगेला पाणी चढलं, दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजार, भांडी बाजार, सगळं पाण्यात. उतरल्यावर दुकान उघडलं तर गुडघाभर गाळ, आजोबांच्या वेळचा लाकडी गल्ला फुगून फुटलेला, पितळेच्या समया गाळातून हातानं काढल्या. तेव्हा मामा म्हणाला होता की गंगापूर रोडला गाळा घे, इथं परत पाणी येणार. त्याचं चूक नव्हतं, 2016 ला आलं, 2019 ला आलं. मी नाही गेलो. का नाही गेलो ते मला आज पण नीट सांगता येत नाही. समोरच्या बोहऱ्यांनी स्वतःचं दुकान तसंच ठेवून आपला मोटरपंप आधी लावून दिला होता, तांबट आळीतून डबे येत होते, कोणाच्या घरचे ते कळत पण नव्हतं, आणि रात्री सगळे पायरीवर बसून चहा प्यायचे, अंगाला गाळाचा वास. ती माणसं सोडून गंगापूर रोडला कोणाबरोबर बसलो असतो मी? तेव्हा तुला परत का जायचंय ते मला कळत नाही असं तू म्हणू नकोस. मला पूर्ण कळतं, बहुतेक तुझ्या आईपेक्षा जास्त.

पण गाळ दिसत होता गं. पाईप लावला, घासलं, गेला, लादी दिसली की काम झालं. तुमचं तसं नाही म्हणून मी बोलतो.

आपल्या दुकानापुढं कल्हईवाले बसायचे ते तू पाहिलेस का नाही कोण जाणे, तुझ्या वेळेला कमी झाले होते. भाता मारून भांडं तापवायचं, नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं भराभर पसरवायचं. माझे आजोबा त्यांच्याकडून आधी कांडी मागून घ्यायचे आणि कानाजवळ धरून वाकवायचे. चोख कथील वाकवलं की करकरतं. शिसं मिसळलेलं असलं की ती करकर बसते. मग कागदावर घासायचे, काळी रेघ उठली की कांडी परत. शिसं स्वस्त पडतं म्हणून मिसळायचे लोक, भांडं तेवढंच लख्ख दिसतं, गिऱ्हाईकाला काहीच कळत नाही, आणि मग त्यात चिंचेचं सार उकळलं की ते सगळं पोटात. एका कल्हईवाल्याशी या कारणानं आजोबांनी कायमचं तोडलं होतं, त्याच्या मुलाच्या लग्नाला पण गेले नाहीत. म्हणायचे, भांडं ज्या घरी जाईल तिथं लहान मूल आहे असं धरूनच चालायचं.

म्हणून तू पहिल्यांदा फोनवर शिसं म्हणालीस तेव्हा मी गप्प झालो होतो. तिथली बरीच घरं जुनी, काही 1920 च्या सुमाराची, रंगावर रंग चढलेले, शिशाचा रंग तिकडे घरांना बंद झाला तो 1978 ला, म्हणजे त्यातल्या बहुतेक घरांच्या भिंतीत तो असणार आणि ते सगळं जळून हवेत गेलं, आणि पडलं तुमच्या उभ्या राहिलेल्या घरात. त्यात जुने पाईप, गाड्यांच्या बॅटऱ्या वेगळ्याच. आणि मुलांच्या रक्तात शिसं एवढं असलं तर चालतं असा आकडाच नाही, जागतिक आरोग्य संघटना सुद्धा तेच सांगते. ताप येत नाही, पुरळ येत नाही, पुढं शाळेत गेल्यावर लक्षात येतं. इरा तीन वर्षांची आहे, दिवसभर जमिनीवर असते आणि बोटं तोंडात. तुझी पण असायची.

विमावाल्यांनी एकदा साफ करून दिलं म्हणजे झालं असं धरू नका. साफ केल्यावरची टेस्ट तुमची तुम्ही वेगळ्या माणसाकडून करून घ्या, खर्च मी देतो, नाही म्हणू नकोस. गाद्या आणि सोफा टाकून द्या, कार्पेट तर टाकाच. एसीच्या डक्ट आतून साफ झाल्यात का ते विचारा. झाडू अजिबात नाही, झाडूनं उडतं, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते पाणी बागेत ओतायचं नाही. व्हॅक्युम बारीक धूळ धरणाऱ्या हेपा फिल्टरवालाच. चपला-बूट दाराबाहेर, निखिलराव ऑफिसचे बूट घालून आत येतात ते बंद, सासरा म्हणाला म्हणून सांग. बाहेरून आली की इराचे हात साबणानं, जेवायच्या आधी परत, झोपायच्या आधी परत. मेथी-कोथिंबीर लावायचा तुझा विचार मला माहितीये, जमिनीत लावू नकोस, उंच वाफा करून बाहेरची चांगली माती आण. पोट रिकामं ठेवायचं नाही तिचं, लोह आणि कॅल्शियम पोटात असलं की शिसं कमी मुरतं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा नाचणी, पालेभाजी, दूध. तिच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये शिसं साडेतीन मायक्रोग्रॅम (डेसिलिटरला) किंवा वर आलं तर

जाऊ दे. हे सगळं तू माझ्या आधीपासून जाणतेस, नकाशा तू केलास आणि मी तुलाच शिकवतोय. सॉरी बेटा. आईने मागून वाचलं आणि म्हणाली, पत्र लिहिताय का नोटीस. पण खोडणार नाही, लिहिलंय तर राहू दे.

तू पाठवलेला सांता रोझा अव्हेन्यूचा फोटो मी मोठा करून पाहिला. ती देवदाराची झाडं वाचली याचा मला फार आनंद झाला. देवदार आपल्या हिमालयातलं झाड, तिथं शंभर वर्षांवर उभं आहे, आणि 1920 पासून डिसेंबरात त्यावर दिवे लावतात हे तू सांगितलंस तेव्हापासून मला बघायचंय. खाली राख आणि वर हिरवी झाडं असा तो फोटो, त्यात इरा निखिलरावांच्या खांद्यावर. तिला खांद्यावरच ठेवा शक्यतो.

मी भितोय ते तुझ्या निर्णयाला नाही. तुम्ही परत गेला नाहीत तर त्या आजींना परत यायला तिथं शेजार कोण उरणार, हे तू म्हणालीस ते बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मला उत्तर काढायचं पण नाही. त्या घर बांधतायत ना? पाया झाला का? बांधकाम चालू असताना त्यांच्या प्लॉटची माती उडून तुमच्याकडे येणार, तेवढे दिवस खिडक्या बंद ठेवा आणि प्युरिफायर चालू. आणि पाऊस झाला की वरच्या जळक्या डोंगरावरनं चिखल-दगड खाली येतात, 2025 च्या फेब्रुवारीत आलेच होते, तेव्हा रेड अलर्ट आला की घर बघत बसू नका, आधीच निघा, आदेशाची वाट बघायची नाही, मागच्या वेळी आदेशानं काय केलं ते आपण पाहिलंय.

पूजेसाठी घरात शिराल त्या दिवशी व्हिडिओ कॉल कर, आमची पहाट असली तरी. वास्तुशांत परत करायची का असं आई विचारतेय, मी म्हणलं साधी गणपतीची पूजा पुरे. तांब्याचा कलश मी काढून ठेवलाय, नवीन, आतून मी स्वतः पाहिलाय. माई आत्याची जाऊ मुलाकडे सॅन होजेला येतेय, तिच्या बॅगेत कलश, नाचणीचं पीठ दोन किलो आणि गोडा मसाला देतोय, इरासाठी आईनं विणलेला स्वेटर पण आहे. ती तिथून कुरिअर करेल. पत्ता पॅसाडेनाचा देऊ की घरचा, ते कळव, तिला शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचाय.

तुझा,
बाबा