रॅम्पवर उभ्या दुचाक्या

रत्नागिरीजवळच्या एका काजू कारखान्यात आमच्या शेजारची मुलगी गर सोलायला जाते. तिला ऐकू येत नाही. सुपरवायझर बाईंनी तिची जागा दाराकडे तोंड करून दिली, आणि सुट्टीचा भोंगा वाजला की तिच्यासमोर लाल दिवा लागतो. खर्च किरकोळ. नाहीतर आपल्या कचेऱ्या! रॅम्प बांधायचा आणि त्यावर दुचाक्या लावायच्या.

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. समान संधी धोरण खासगी आस्थापनांनाही जाहीर करावं लागतं. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१७च्या नियमांनुसार दिव्यांगांची भरती आणि सोयी बघणारा संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. आमच्याकडच्या किती कॅनिंगवाल्यांनी, हॉटेलवाल्यांनी तो नेमलाय? आंब्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत कामगार खात्याने एवढं तरी विचारावं.

– एक वाचक, रत्नागिरी