रक्त लपवू नका, तपासायला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१७ एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिनाची छोटी बातमी आपल्या पेपरात वाचली, बरं वाटलं, पण रक्त न थांबण्याचा आजार आहे आणि फॅक्टरचं इंजेक्शन दिलं की भागतं एवढंच त्यात होतं, म्हणून लिहायला बसले. माझ्या बहिणीची दोन्ही पोरं सिव्हिअर हिमोफिलिया ए ची आहेत, म्हणजे रक्त गोठायला लागणारा फॅक्टर एट त्यांच्या अंगात जवळजवळ नाहीच. मोठा १४ चा, धाकटा ९ चा. आई एक, बाप एक, जीनमधला बिघाडसुद्धा एकच, तरी मोठ्याला फॅक्टर लागू पडतो आणि धाकट्याला पडत नाही.

धाकटा दोन वर्षांचा पण नव्हता तेव्हा त्याचा गुडघा सुजला, हात लावला तर चटका बसेल इतका गरम, पाय पोटाशी घेऊन नुसता कण्हत पडलेला. फ्रिजच्या दारातली फॅक्टरची बाटली काढायची, पावडर तळहातात हळूहळू फिरवत विरघळवायची, जोरात हलवायची नाही, आणि शीर सापडेपर्यंत बहिणीनं त्याचं डोकं छातीशी घट्ट धरून बसायचं. मोठ्याला एवढ्यानं उतार पडायचा, याची सूज हलेना. जिथं दाखवत होतो तिथं डोस वाढवत गेले, आठ दिवस असेच गेले, इनहिबिटरची टेस्ट करून बघू असं कुणी म्हणालंच नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी ती करायला लावली. इनहिबिटर बेथेस्डा युनिटमधे मोजतात, ते ५ च्या वर गेलं की हाय धरतात, याचं त्याच्या कितीतरी वर होतं. त्या आठ दिवसांत आखडलेला गुडघा आजही पूर्ण सरळ होत नाही.

इनहिबिटर म्हणजे काय तर शरीरानं फॅक्टर एट कधी बघितलेलाच नसतो, बाहेरून दिला की तो परका वाटतो आणि त्याला मारायला अँटीबॉडी तयार होतात. सिव्हिअर ए च्या १०० पोरांत साधारण २५ ते ३० जणांना हे होतं, आणि बहुतेक वेळा फॅक्टर दिल्याचे पहिले ५० दिवस (ज्या दिवशी फॅक्टर दिला तेवढेच मोजायचे) भरायच्या आतच होतं, त्यामुळं टेस्ट तेव्हाच करत राहायला पाहिजे, सूज उतरेना झाल्यावर नव्हे. एकदा झालं की मग रक्त थांबवायला फॅक्टर एट ला वळसा घालणारी फिबा नाहीतर फॅक्टर सेव्हन ही औषधं, आणि त्यांचा खर्च सामान्य घराला झेपणारा नाही.

एकालाच का झालं हे बहिणीनं मला शंभर वेळा विचारलं असेल. याचं उत्तर शोधणारी माणसं आहेत हे मला लई उशिरा कळलं. सिव्हिअर ए च्या निम्म्याहून थोड्या कमी पेशंटांत जीनचा एक मोठा भाग उलटा होऊन बसलेला असतो, हे १९९३ ला सापडलं, आमच्या पोरांत तेच आहे. असा मोठा बिघाड असला की इनहिबिटरचा धोका जास्त. पण मग भावाभावांत फरक का, म्हणून स्वीडनमधल्या माल्मोच्या संशोधकांनी मुद्दाम हिमोफिलिया असलेले भाऊभाऊच अभ्यासाला घेतले आणि २००६ ला दाखवलं की प्रतिकारशक्तीच्या आयएल-१० आणि टीएनएफ या जीनमधल्या बारीक फरकांचाही यात हात असतो. नंतर सिपेट नावाची ट्रायल झाली, २०१६ ला छापून आली, तिच्यात भारतातली पोरं पण होती. रक्तापासून काढलेला फॅक्टर घेणाऱ्यांत २७ टक्क्यांच्या आसपास पोरांना इनहिबिटर झालं आणि लॅबमधे बनवलेला घेणाऱ्यांत ४४ टक्क्यांच्या वर. म्हणजे सुरुवातीला काय दिलं यानं एवढा फरक पडतो! हे मी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

२०१७ ला अमेरिकेत मंजूर झालेलं एमिसिझुमॅब हे औषध कातडीखाली घेता येतं आणि इनहिबिटर असलं तरी चालतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं ५ जणांवर केलेल्या जीन थेरपीचे, म्हणजे चांगला जीन शरीरात घालायच्या उपचाराचे, रिझल्ट डिसेंबर २०२४ ला आले. हे सगळं कुठल्यातरी घरातल्या माणसांनी तपासायला रक्त दिलं म्हणून झालंय.

आणि आपल्याकडं काय, तर लपवायचं. पोरींची लग्नं मोडतील म्हणून. आमच्याच घरात आजीचा भाऊ लहानपणी दात पडल्यावर रक्त थांबेना म्हणून गेला, ही गोष्ट मोठा भाचा आजारी पडल्यावर पहिल्यांदा बाहेर आली. आधी कळली असती तर बहिणीची तपासणी लग्नाआधीच झाली असती. कॅरिअर म्हणजे हा बिघडलेला जीन जिच्या अंगात आहे अशा बाईच्या प्रत्येक मुलाला हिमोफिलिया व्हायची आणि प्रत्येक मुलीला कॅरिअर व्हायची शक्यता निम्मी असते, यात कुणाचा दोष नाही, तरी सासरी बोल बहिणीनंच खाल्ले.

मी स्वतः महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून परळला केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी म्हणजे रक्ताच्या आजारांवरच्या संस्थेत तपासणीला रक्त देऊन आले. मी कॅरिअर आहे, हे पेपरात लिहायला मला लाज वाटत नाही. पण गडहिंग्लज-चंदगडच्या बाईनं रोजगार बुडवून कडेवर पोर घेऊन मुंबई गाठायची कशी? रक्त जिल्ह्यातच काढून घ्यावं आणि सॅम्पल मुंबईला पाठवावं, आणि नवीन सापडलेल्या प्रत्येक पोराची इनहिबिटर टेस्ट त्या पहिल्या ५० दिवसांत सरकारी खर्चानं व्हावी, एवढं आरोग्य खात्यानं करावं.

माझी पोरगी १६ ची आहे. आपली पण टेस्ट करायची असं ती परवा स्वतःहून म्हणाली. १८ पूर्ण झाल्यावर तू ठरव म्हटलंय तिला.

एक मावशी,
राजारामपुरी, कोल्हापूर