धनमदावरची चार सुभाषितं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, धनमदावरची, म्हणजे पैशाच्या माजावरची, सुभाषितं पाठांतरासाठी मागितली होतीत, ती पाठवते आहे. चारच आहेत. या विषयावर श्लोकांना तोटा नाही, पण बरेचसे पैशाला नुसती नावं ठेवतात. पैसा आल्यावर माणसाचं नेमकं काय बिघडतं, हे पकडणारे थोडे.

बधिरयति कर्णविवरं वाचं मूकयति नयनमन्धयति ।
विकृतयति गात्रयष्टिं सम्पद्रोगोऽयमद्भुतो राजन् ॥

कान बहिरे होतात, वाचा बसते, डोळे आंधळे होतात, अंगाची ठेवणसुद्धा बिघडते. संपत्तीचा हा रोगच अजब. सुरुवात कानापासून आहे हे मला फार पटतं, कारण आधी सुटतं ते ऐकून घेणं. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त युवराज्याभिषेकाआधी मंत्री शुकनास राजपुत्र चंद्रापीडाला हेच बजावतो: गुरूचं निर्मळ वचनही अपात्राच्या कानात पाणी गेल्यासारखं ठणकतं.

ही गीति आहे, म्हणजे चार चरणांत १२-१८-१२-१८ मात्रांचं वृत्त. ‘कर्णविवरं’ आणि ‘गात्रयष्टिं’ इथे थांबा. दोन्ही ओळी एकाच चालीत बसतात. ती चाल भर्तृहरीच्या या श्लोकाला मात्र लावू नका:

दानं भोगो नाशस्तिस्रो गतयो भवन्ति वित्तस्य ।
यो न ददाति न भुङ्क्ते तस्य तृतीया गतिर्भवति ॥

ही आर्या, गीतीच्या जवळचंच वृत्त. पण शेवटच्या चरणात १५च मात्रा, त्यामुळे गीतीच्या चालीत तीन मात्रा कमी पडतात आणि शेवट उगाच ओढावा लागतो. खरी अडचण पहिल्या ओळीत आहे. १२ मात्रा ‘नाशस्’पाशी भरतात, पण संधीमुळे जीभ ‘नाशस्तिस्रो’ एका दमात म्हणून टाकते आणि पुढचा ताल सुटतो. आधी ‘नाशः’वर थांबून ‘तिस्रो गतयो’ वेगळं घोका, संधी मागाहून जोडा. अर्थ उघड आहे: जो देत नाही, उपभोगही घेत नाही, त्याच्या धनाला तिसरी गती, म्हणजे नाश.

तिसरा तुम्हांला येतोच, निदान शेवटचा चरण:

यस्यास्ति वित्तं स नरः कुलीनः स पण्डितः स श्रुतवान् गुणज्ञः ।
स एव वक्ता स च दर्शनीयः सर्वे गुणाः काञ्चनमाश्रयन्ते ॥

लोक तेवढा चरण (सगळे गुण सोन्याच्या आश्रयाला येतात) उचलतात आणि तो पैशाची थोरवी म्हणून सांगतात. पूर्ण श्लोक म्हटला (ज्याच्याकडे पैसा तोच कुलीन, तोच पंडित, तोच देखणा) की त्यातला उपरोध ऐकू येतो. हा बिघाड धनवानाचा नाही, त्याच्याभोवती जमणाऱ्यांचा आहे. ‘स एव वक्ता’तल्या ‘एव’वर जोर द्या, तोच काय तो वक्ता! सपाट म्हटलात तर ती धनाची आरती होईल.

आई, चौथा तुझ्यासाठी. एकनाथी भागवताच्या तेविसाव्या अध्यायातल्या त्या कृपण ब्राह्मणाच्या तोंडचा हा मूळ श्लोक, धन गेल्यावर त्याला सुचलेला:

स्तेयं हिंसानृतं दम्भः कामः क्रोधः स्मयो मदः ।
भेदो वैरमविश्वासः संस्पर्धा व्यसनानि च ॥

पुढच्याच श्लोकात ‘एते पञ्चदशानर्थाः’, म्हणजे धनातून उपजणारे हे पंधरा अनर्थ, असं म्हटलंय, आणि मोजायला बसलं की तेराच भरतात. ‘संस्पर्धा’पर्यंत बारा होतात, ‘व्यसनानि’ हे एक धरायचं नाही, स्त्री, द्यूत आणि मद्य अशी तीन धरायची. ‘हिंसानृतं’मध्येही दोन आहेत, हिंसा आणि अनृत; तिथे एक निसटतं.

रोज एकच श्लोक घ्या. गीति आणि आर्या एका दिवशी नकोत, चाली एकमेकींत मिसळतात.

तुमची लेक