पाटी अजून रंगवू नकोस

इंडियानापोलिस,
14 जून

प्रिय मित्रा,
जय हिंद.

परवा तुझा फोन आला तेव्हा नातवाला पोहायला सोडायची घाई होती, धड बोलणं झालं नाही. ग्रामपंचायतीनं माजी सैनिक संघटनेला खोली दिली हे ऐकून बरं वाटलं. खोलीला कुलूप लागायच्या आधी पाटीवरच्या नावांवरून भांडण लागलं, त्याचं नवल नाही. आपलंच गाव ते. "तिकडं कसं चालतं ते बघून कळव" म्हणालास, म्हणून हे पत्र.

मुलाच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर अमेरिकन लीजनचा, म्हणजे इथल्या माजी सैनिकांच्या संघटनेचा हॉल आहे. मला सभासद होता येत नाही, त्यासाठी त्यांच्या फौजेत नोकरी झालेली लागते. पण मी इन्फंट्रीचा म्हटल्यावर व्हिएतनाममध्ये लढलेल्या एका म्हाताऱ्यानं स्वतः कॉफी आणून दिली. शुक्रवारी तिथं तळलेले मासे मिळतात. सगळं गाव जेवायला येतं आणि त्या पैशातून पोरांच्या बेसबॉलचा खर्च निघतो. दारात टपालपेटीसारखी पेटी आहे, लोक त्यात फाटके झेंडे आणून टाकतात. आज त्यांचा ध्वजदिन. संध्याकाळी सगळे सावधानमध्ये उभे राहिले आणि झेंडे एकेक करून अग्नीला दिले. आपल्याही ध्वजसंहितेत जीर्ण झेंडा खासगीत, शक्यतो जाळून, मानानं नष्ट करावा असं लिहिलंय. 16 ऑगस्टला आपल्या एसटी स्टँडवर काय चित्र असतं, ते तुला सांगायला नको.

ही संघटना जन्मली पॅरिसमध्ये, मार्च 1919 मध्ये. पहिलं महायुद्ध संपलेलं, पोरं घरी जायच्या वाटेवर. आता मुख्य कचेरी इथंच, इंडियानापोलिसला. पण त्या महायुद्धातल्या सैनिकांचे हाल झाले. मंदीत उपाशी मरायची वेळ आली तेव्हा सरकारनं कबूल केलेला बोनस आत्ताच द्या म्हणत हजारो जण वॉशिंग्टनला जाऊन बसले. जुलै 1932 मध्ये त्यांच्याच फौजेनं रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्यांना हुसकावलं. आपल्याच माणसांवर चालून जायचं! वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून दुसरं महायुद्ध चालू असतानाच लीजनवाले कामाला लागले. हॅरी कोलमेरी नावाचा कॅन्ससचा वकील, लीजनचा माजी अध्यक्ष. डिसेंबर 1943 मध्ये तो वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसला आणि हॉटेलच्याच कागदावर त्यानं हातानं कायद्याचा मसुदा उतरवला: शिक्षणाची फी, घराला कर्जाची हमी, काम मिळेपर्यंत आठवड्याला 20 डॉलर, तेही 52 आठवडे. पण संसदेच्या समितीत मतं समसमान पडून घोडं अडलं. मिसिसिपीचा खासदार रँकिन आडवा आला होता, काळ्या सैनिकांना घरबसल्या पैसे मिळतील ही त्याची पोटदुखी. ज्याच्या मतावर सगळं अडलं तो खासदार गिब्सन आजारी, जॉर्जियात घरी. लीजनवाल्यांनी त्याला रातोरात शोधला, मोटारीनं विमानतळावर नेला आणि सकाळी मतदानाला उभा केला. 22 जून 1944 ला रूझवेल्टनं सही केली. त्या कायद्यावर पुढं 78 लाख माजी सैनिक शिकले. आपण 'वन रँक वन पेन्शन'साठी किती वर्षं घासली, आठवतं ना?

आता दुसरी बाजू, कारण तुझं भांडण तिथंच आहे. त्याच 1944 साली ओरेगनमधल्या हूड रिव्हर गावच्या लीजन शाखेनं गावातल्या सैनिकांच्या पाटीवरची 16 नावं पुसली. पोरं अमेरिकेचीच, अमेरिकेच्याच फौजेत होती. आईबाप जपानी, एवढाच गुन्हा. देशभर छी-थू झाली, आघाडीवरच्या गोऱ्या सैनिकांनीसुद्धा संतापून पत्रं लिहिली. शेवटी वरूनच दट्ट्या आला आणि 1945 मध्ये नावं परत रंगवावी लागली. जवळपास सगळी. झेंडा मानानं जाळणारी आणि नावं पुसणारी संघटना एकच, गड्या.

आता आपल्या पाटीचं. महार रेजिमेंटमधल्यांची नावं खाली वेगळ्या चौकटीत घ्यायची, असं बैठकीत कोण बोललं ते मला कळलंय. तू गप्प बसलास हेही कळलंय. कारगिलच्या वेळी आपल्या दोघांच्या घरी पत्रं वाचून दाखवायला कोण यायचं? खालच्या आळीतला तोच सुभेदार ना? त्याचं नाव चौकटीत टाकणार तुम्ही?

सगळी नावं एकाच रकान्यात घे, भरती झालेल्या सालानुसार. म्हणजे रेजिमेंट आली नाही, आळी आली नाही, हुद्दाही आला नाही. साल कुणाचं चुकायला नको म्हणून प्रत्येकाचं डिस्चार्ज बुक बघ. माझं पत्र्याच्या ट्रंकेत आहे, वहिनींना सांगून काढून घे. सालानं बघितलं तर तो सुभेदार सगळ्यात वर येतो, आणि मी तुझ्या खाली.

दिवाळीला येतोय. तोवर पेंटरला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
जुना पलटणवाला