यासाई मारी आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

फोनवर तुम्ही मला आभार मानूच देत नाही, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

हंगेरियन अभिनेत्री यासाई मारीवर एकपात्री करायचं ठरलं, तेव्हा आमच्या हाती कोशातल्या नोंदीइतकंच होतं. हंगेरीतल्या आसार गावी 1850 साली जन्म, वडील सुतार, 1872 पासून राष्ट्रीय नाट्यगृहात, 1926 साली मृत्यू. तुम्ही नोकरी-घर सांभाळून तिच्या आठवणी हंगेरियनमधून वाचल्यात आणि आम्हाला मराठीत सांगत गेलात. आई लवकर गेलेली, दहाव्या वर्षापासून परक्या घरी मोलकरीण, सोळाव्या वर्षी थेट सेकेशफेहेरवारच्या नाटक मंडळीत. आमच्यातल्या काहींना हा भाग दोन वाक्यांत उरकायचा होता. तुम्ही हटून बसलात. "लेडी मॅकबेथ उभी करणारी बाई आधी कुणाची भांडी घासत होती, हे दिसायलाच हवं," म्हणालात. आता आमचा पूर्ण पहिला अंक तोच आहे.

आणि 21 सप्टेंबर 1883! इम्रे मादाचचं ‘माणसाची शोकांतिका’ त्या रात्री पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. नाटककार जाऊन एकोणीस वर्षं झालेली. दिग्दर्शक एदे पाउलाय, आणि तेहेतीस वर्षांची मारी झाली ईव्ह. इजिप्त, अथेन्स, रोम, पॅरिस, लंडन असा सगळा इतिहास पाहून खचलेला आदम शेवटी कड्यावरून उडी घ्यायला निघतो आणि ईव्ह त्याला सांगते, मी आई होणार आहे. त्या एका ओळीवर नाटक फिरतं. ती ओळ तुम्ही मला मूळ हंगेरियनमध्ये कितीदा म्हणून दाखवलीत! कधी घाईने, कधी लाजत, कधी अगदी सपाट. मारीने ती कशी म्हटली असेल हे कुणालाच ऐकता येणार नाही. पण तालमीत मी सपाट म्हणते आणि समोर बसलेले हलायचे थांबतात. हे तुमचं देणं आहे.

बुडापेस्टला मार्गारेट पुलापाशी मारीच्या नावाचा चौक आहे. तिथे 2 नंबरची ट्राम पकडता पकडता तुम्ही फोनवर माझ्या शंका सोडवल्यात. मागून गाडीची घंटा ऐकू यायची आणि मला संकोच वाटायचा. तुम्ही मात्र एकदाही "नंतर बोलू" म्हणाला नाहीत.

पत्रिकेत ‘संहिता साहाय्य’ म्हणून तुमचं नाव छापतोय. नको म्हणालात, पण ताई, एवढ्या एका बाबतीत तुमचं ऐकणार नाही.

तुमची,
आमच्या नाटकातली मारी