ती कचेरी इंग्रजांची नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या आधी कारभार पाहणाऱ्या जुन्या लोकल बोर्डाच्या कचेरीचे समाजकेंद्र झाल्याची सचित्र बातमी काल वाचली. इमारत पाडली नाही, याचा आनंद मलाही आहे. पण मथळ्यात आणि मजकुरात मिळून तीनदा 'इंग्रजांची कचेरी' असे छापले आहे. ते वाचून राहवले नाही.

ती इंग्रजांची नव्हती. कलेक्टर कचेरी सरकारची. लोकल बोर्ड चालले ते लोकांच्या पैशावर. १८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेत. तो लोकल फंड. त्यातला दोन तृतीयांश वाटा रस्त्यांना, उरलेला शाळांना. पुढे १८८४ च्या कायद्याने बोर्डांची रीतसर घडी बसली. पीक बुडाले त्या वर्षीही ज्याने सारा भरला, त्याचा आणा त्या भिंतींत आहे. त्याचे नाव आपल्या बातमीत कुठेच नाही.

माझे वडील त्याच बोर्डाच्या रस्त्यावर मैलकुली होते. एक मैल रस्ता त्यांच्या अंगावर. खड्ड्यांत मुरूम भरायचा, पावसाळ्याआधी गटारे मोकळी करायची, कडेची झाडे जगवायची. १९५८ साल असेल, दोन महिन्यांचा पगार थकला म्हणून ते कचेरीत निघाले आणि मलाही बरोबर घेतले. आठ वर्षांचा होतो. व्हरांड्यात, पगाराच्या खिडकीशी रांग. कारकून हजेरीपट पुढे सरकवी, शेजारी शाईची गादी. अंगठा उठवला की माणसे तो खिडकीच्या डाव्या चौकटीला पुसत, कारण धोतराला पुसला तर डाग जात नसे. अशी किती वर्षे पुसून ते सागवान हातभर काळेनिळे आणि गुळगुळीत झाले होते. वडिलांनीही तिथेच अंगठा पुसला. मी बोट लावून पाहिले, तर शाई ओली होती. घरी येईपर्यंत ते बोट मी कुठे लागू दिले नाही.

गेल्या आठवड्यात समाजकेंद्रात गेलो तो थेट त्या खिडकीपाशी. चौकट यंत्राने घासून, वर पॉलिश मारून नवी कोरी केली आहे. "फार डाग होते काका, तीन दिवस लागले काढायला," तिथल्या मुलाने कौतुकाने सांगितले. त्या पोराचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेच नसणार. पण ज्यांनी काम दिले आणि ज्यांनी तपासले त्यांना विचारावेसे वाटले नाही का, की एकाच चौकटीवर, एकाच उंचीवर एवढा डाग का? त्याच खिडकीचे छायाचित्र आपण 'गतवैभव परतले' म्हणून पहिल्या पानावर छापले. तेच वैभव घासून काढले हो!

भिंतींचीही तीच गत. चुन्यातल्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिला सिमेंटने कोंडली की ओल आत राहते आणि रंगाचे पोपडे धरतात. कुठल्याही जुन्या गवंड्याने हे सांगितले असते.

आणखी एक. तळमजला समारंभांना देता यावा म्हणून वाचनकक्ष माडीवर नेला आहे. जिना उभा आहे, कठडा एकाच बाजूला. सकाळी पेपर वाचायला येतात ते बहुतेक सत्तरीच्या पुढचे. परवा मी मधल्या पायरीवरून परत फिरलो आणि आपला अंक विकत घेतला.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, बोर्ड संपले. वडील त्याच रस्त्यावर राहिले, पगाराची खिडकी तेवढी बदलली. दर्शनी भागात माहितीफलक लागणार असल्याचे आपण लिहिले आहे. त्यावर नुसते 'ब्रिटिशकालीन वास्तू' नको. शेतसाऱ्यावरच्या एका आण्याचे नाव त्यावर हवे.

आणि हे तातडीचे. व्हरांड्याच्या टोकाची दुसरी खिडकी अजून घासलेली नाही. तिच्या चौकटीवर काळा पट्टा आहे, मी हात लावून आलो. पॉलिशवाले सोमवारी तिथे लागणार आहेत, म्हणून हे पत्र रविवारच्या आत छापावे ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक